सोनेरी भुंगेरा कागदावर उतरवताना

रताळ्याच्या वेलीवर सोन्याच्या टिकलीसारखा चमकणारा कासव-भुंगेरा दिसला, तर त्याचा रंग जिवंतपणीच टिपून घ्या. हा सोनेरी रंग रंगद्रव्याचा नाही. कवचाच्या ओलसर, पातळ थरांवरून प्रकाश परततो म्हणून तो दिसतो. किडा मेला आणि कवच सुकलं की उरतो मळकट तपकिरी. टाचणीला टोचलेल्या नमुन्यावरून रंगवलेलं चित्र इथे हमखास फसतं.

पहाटेच्या गारव्यात तो सुस्त असतो, फोटो तेव्हाच काढावा. मोबाइलला क्लिपची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं दाखवणारी) पुरते. खरी पंचाईत चकाकीची: पाठीवर मोबाइलचाच काळा चौकोन उमटतो. बटर पेपरचा शंकू किड्याभोवती उभा करा, टॉर्च बाहेरून धरा आणि वरच्या भोकातून फोटो घ्या. इतक्या जवळून जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. म्हणून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करून, फोकस किंचित किंचित सरकवत 15-20 फोटो घ्यायचे आणि हेलिकॉन फोकससारख्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे. मधेच त्याने मिशा हलवल्या तर जोडलेल्या फोटोत चार मिशा दिसतात. ते फोटो आधीच गाळा. एका फोटोत शेजारी मिलिमीटरचा आलेख कागद हवाच.

मग पेन्सिल कशाला? पाय पारदर्शक कडेखाली दडलेले असतात, आणि फोटोत तिथे नुसती सावली दिसते. चित्र काढताना पाय नेमका कुठून फुटतो हे ठरवावंच लागतं. सहाही पाय छातीला जोडलेले, पोटाला नव्हे; नवखे इथेच चुकतात. 8 मिलिमीटरचा किडा 8 सेंटिमीटरचा काढा. ट्रेसिंग पेपरवर अर्धी बाजू काढून उलटवली की दुसरी बाजू तयार, फक्त पाठीवरचे डाग दोन्हीकडे ताडून पाहा.

अळी मात्र चित्राहून व्हिडिओत जास्त कळते. मागच्या काट्यावर ती जुन्या काती वाहते, काही जातींत विष्ठाही. मुंगी जवळ आली की हे ओझं तिच्या अंगावर उगारते. व्हिडिओ थांबवून एक फ्रेम घ्या आणि काती एकेक करून रेखाटा. फोटोत तो कचऱ्याचा गोळा वाटतो. रेखाटताना काती मोजता येतात, आणि अळीने किती वेळा कात टाकली तेही कळतं.