चालतंय ना, मग काढता कशाला?

महापे-रबाळे पट्ट्यात कुठल्याही ग्राहकाकडे गेलं की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही तोच विचारलात: आमच्या व्हीएम (खऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी कॉम्प्युटर) वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतायत, मग त्यांचा 'मशीन टाईप' बाद करायची तारीख तुम्ही कशाला ठरवता? आमचं सॉफ्टवेअर क्यूएमू-केव्हीएमवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, उभं आहे आणि त्या तारखा ठरवणाऱ्या टीममध्ये मी आहे, म्हणजे शिव्या योग्य पत्त्यावर आल्यात.

मशीन टाईप म्हणजे गेस्टला (व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टीमला) दाखवलेला खोटा मदरबोर्ड. 'पीसी-आय४४०एफएक्स-५.०' यातला चिपसेट इंटेलचा, १९९६ सालचा. शेवटचा आकडा क्यूएमूच्या आवृत्तीचा. क्यूएमू कितीही पुढे गेलं तरी त्या गेस्टला ५.० च्या वेळचाच बोर्ड दिसेल, असा शब्द दिलेला असतो. हार्डवेअर जरा हललं तर काय होतं ते ५.२ च्या वेळी दिसलं. एसीपीआयच्या, म्हणजे बोर्डावर काय काय आहे ते ऑपरेटिंग सिस्टीमला सांगणाऱ्या, तक्त्यातला एक ओळख-क्रमांक बदलला, बस्स. विंडोजला नेटवर्क कार्ड नवीन वाटलं आणि हाताने भरलेला आयपी गायब.

हा शब्द पाळायला कोडमध्ये 'तेव्हा हे असं होतं' अशा याद्या वागवाव्या लागतात. वर्षाला साधारण तीन आवृत्त्या, म्हणजे याद्या साचतच जातात. जुन्या-नव्या होस्टच्या (व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या मशीनच्या) प्रत्येक जोडीत लाईव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम न थांबवता दुसऱ्या होस्टवर हलवणं) तपासणं कुणालाच परवडत नाही. आणि न तपासलेल्या 'चालतंय'वर माझा तरी भरवसा नाही.

क्यूएमूमध्ये इतर सुविधा बाद ठरवल्यावर दोन आवृत्त्यांपुरत्या ठेवतात. मशीन टाईपसाठी २०२४ मध्ये वेगळा नियम ठरला: तीन वर्षांनी बाद-यादीत, सहा वर्षांनी बाहेर. ५.० आली २०२० मध्ये; म्हणजे तिची तीन वर्षं २०२३ च्या ८.० लाच भरलेली, नियम आल्यावर ती थेट यादीत, आणि २०२६ च्या ११.० ला काढायला मोकळी. आम्ही तोच हिशेब उचलला. (रेड हॅट, उबुंटू यांचे स्वतःचे मशीन टाईप असतात, त्यांच्या मुदती वेगळ्या.) वापर मोजून ठरवू, असा आग्रह आमच्याकडेही होता. पण एमआयडीसीतल्या कितीतरी व्हीएम इंटरनेटला जोडलेल्याच नसतात, मोजणार कुणाला? त्यापेक्षा सगळ्यांना आधीपासून माहीत असलेली तारीख बरी.

तारीख ठरवणं सोपं, ती पोचवणं कठीण. व्हीएम सुरू होताना 'डेप्रिकेटेड' (बाद ठरलेला) असा इशारा व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टच्या लॉगमध्ये उमटतो. तो लॉग कोण वाचतं? ठाण्यात पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस निदान दारावर डकवतात. आमची माळ्यावरच्या ट्रंकेत पडून असते. म्हणून बाद टाईपवर नवीन व्हीएम बनवणं आम्ही आधी बंद करतो, आणि होस्ट अपग्रेड करण्यापूर्वीची तपासणी अशा व्हीएमची नावं दाखवून तिथेच थांबते. नाहीतर रविवारी रात्री अपग्रेड होतो आणि सोमवारी सकाळी व्हीएम उठतच नाही.

अजून एक. 'दर महिन्याला पॅच टाकून रीस्टार्ट करतो की' असं तुम्ही म्हणालात. विंडोजच्या आतून रीस्टार्ट केलं तर खालची क्यूएमूची प्रोसेस तीच राहते, बोर्डही तोच. मशीन टाईप बदलायचा तर व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. त्याआधी बॅकअप घ्या, आयपी कागदावर लिहून ठेवा, आणि आधी तिची नक्कल चालवून बघा. विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकतं. आय४४०एफएक्सवरून क्यू३५ वर (त्यापेक्षा नव्या चिपसेटच्या बोर्डावर) जायचं मात्र यातच उरकू नका. तिथे पीसीआयचे, म्हणजे बोर्डावरच्या कार्डांचे, पत्तेच बदलतात, ते काम वेगळं काढा.

दिवाळीत कारखाना बंद असेल तेव्हा करायचं म्हणत असाल तर ऐरोलीच्या ऑफिसला आधी कळवा, त्या आठवड्यात आमची अर्धी टीम गावी असते.