सहा पायांचा कोळी

टेबलावर अल्कोहोलच्या कुप्यांची रांग होती. त्यातल्या एकीत नखाएवढे दोन पिवळे जीव, दोन्ही एकाच फुलावरून गोळा केलेले. नवी सहकारी म्हणाली, "मॅडम, दोघांनाही सहा पाय आहेत. एकाचे पंख झडलेत, एवढंच. एकच जात लिहू?"

मीही मोजले. सहाच भरले. हो म्हणणार होते, पण बिनपंखी जिवाचं डोकं वेगळं दिसेना. डोकं-छाती मिळून एकच सलग कवच. मायक्रोस्कोपखाली घेतला तर मिशा नाहीत, जाळीदार डोळे नाहीत. समोर साधे आठ डोळे. हा कोळीच होता, मिसुमेना वाटिया. जाळं न विणता फुलावर दबा धरून बसणारा खेकडा कोळी. उलटा केला तेव्हा पुढे दोन खुंट दिसले. जिवावर बेतलं की कोळी पाय मुळाशी तोडून निसटतो. खुंटही मोजायचे असतात, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. ती चूक माझी.

रंगावर तर जाऊच नये. या कोळ्याची मादी फूल बघून काही दिवसांत पांढऱ्याची पिवळी होते.

दुसरा जीव म्हणजे करवत माशी, ॲथालिया रोझी. ती गांधीलमाशीच्या गणातली, म्हणून सहकारी तिची बारीक कंबर शोधत बसली. कंबर निघाली कोळ्याला! त्याचं पोट बारीकशा देठावर बसवलेलं असतं. करवत माशीची छाती आणि पोट मात्र सरळ एकमेकांत मिसळलेली. मी तिला माशीच्या पोटाचं टोक हलकेच दाबायला सांगितलं. दातेरी पातं बाहेर आलं. हा डंख नव्हे. मादी या करवतीने मोहरीवर्गातल्या झाडांची पानं चिरते आणि आत अंडं ठेवते. सहकारीचा डोळा भिंगावरून हलेना. मलाही ते पातं दरवेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखं वाटतं.

मग दोन कुप्या, दोन चिठ्ठ्या. जातीच्या नावापुढे ते नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव आणि साल. माशीपुढे लिनियस, १७५८. कोळ्यापुढे क्लर्क, १७५७. तिने विचारलं, "प्राण्यांची नावं १७५८ पासूनच धरतात ना?" धरतात, पण क्लर्कने कोळ्यांना दिलेली नावं तेवढी अपवाद. तिने सात पुन्हा ठळक गिरवला.