बिडी सोडल्यावर खोकला वाढतो, तेव्हा

"अण्णा, बिडी सोडली आन् खोकला वाढला. ओढत होतो तवाच बरं होतं की!" आमच्या एसटी वर्कशॉपातल्या एका पोराचं हे बोलणं ऐकलं आणि लिहायला बसलो. मीही तरुणपणापासून ओढायचो. सोडूनही आता बरीच वर्षं झाली. सोडणाऱ्याला फायदे सगळे सांगतात. सुरुवातीचे हाल कुणी सांगत नाही, आणि माणूस नेमका तिथंच घाबरून पुन्हा बंडल घेतो.

श्वासनलिकेच्या आत डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. धूळ, कफ ते सारखे वर ढकलत असतात. धुरानं ते लुळे पडतात, घाण आत साचते. धूर थांबला की ते हळूहळू कामाला लागतात आणि साचलेलं वर येऊ लागतं. मला सकाळी काळपट बेडके पडायचे. बायको हबकून गेली होती. पण खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर टीबीसाठी थुंकी तपासून घ्याच, आणि रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चहाचं तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. धुरातल्या काही द्रव्यांमुळे आपलं यकृत कॅफीन झपाट्यानं निकालात काढतं. बिडी बंद झाली की हा वेग उतरतो आणि तेवढ्याच चहातलं कॅफीन रक्तात जवळपास दुप्पट राहतं. डेपोत आम्ही चहा पाण्यासारखा प्यायचो. हात थरथरायचे, छातीत धडधडायचं, रात्री डोळ्याला डोळा नाही. चहा निम्म्यावर आणला तेव्हा झोप लागली. दम्यासाठी थिओफिलीन किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर बिडी सोडतोय हे डॉक्टरांना आधीच सांगा. काहींचा डोस याच कारणानं बदलावा लागतो.

तोंड येतं, पोट साफ होत नाही, घरच्यांवर उगाच खेकसणं होतं. पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत वाईट, मग तीन-चार आठवड्यांत बरंचसं निवळतं.

याच दिवसांत आत चांगलं घडत असतं, फक्त ते जाणवत नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. तो एक-दोन दिवसांत निघून जातो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. मला पहिल्यांदा फरक कळला तो सज्जनगडाच्या पायऱ्यांवर. मधे न टेकता वर गेलो, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

सगळंच भरून येतं असं मात्र नाही. माझ्या थोरल्या भावानं साठीला सोडली. फुफ्फुसातले फुटलेले वायुकोश परत येत नाहीत, त्याचा श्वासासाठी ओढायचा औषधाचा पंप चालूच आहे. पण पुढची झीज मंदावते. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर 1951 पासून पन्नास वर्षं अभ्यास झाला. त्यात साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांचंही आयुष्य सरासरी तीन वर्षांनी वाढलेलं दिसलं, पन्नाशीला सोडणाऱ्यांचं सहा, चाळिशीला सोडणाऱ्यांचं नऊ. आमच्या वर्कशॉपातली बहुतेक पोरं अजून चाळिशीच्या आत आहेत.

तलफ अनावर झाली तर 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक लावा, फोन फुकट आहे. आणि पोरा, तू आधी छाती तपासून ये. सोबत हवी तर मी येतो.