भुलीत मी कुठे होते?

"डॉक्टरीणबाई, इतका वेळ मी होते कुठे?" पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एका आजींनी भूल उतरल्यावर मला विचारलं. दीड तास उलटला होता आणि त्यांना वाटत होतं, आत्ताच तर सलाईनमधून औषध दिलं. भूलतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. खाटेशेजारी उभ्या उभ्या त्याचं उत्तर पुरं होत नाही. म्हणून आज नीट सांगते.

"आता झोप लागेल हं," असं आम्हीच म्हणतो, पण ते धीर देण्यापुरतं. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठून बसतो. सकाळी डोळे उघडले की रात्र सरल्याचं त्याला कळतं. पूर्ण भुलीत पोटावर चीर दिली तरी जाग येत नाही आणि गेलेला वेळ गेल्यासारखाच वाटत नाही. मेंदूच्या लहरी पाहिल्या तर ही अवस्था झोपेपेक्षा कोमाला जास्त जवळची आहे. फक्त ती आम्ही जाणूनबुजून आणतो आणि तिच्यातून तुम्हाला परतही आणतो.

आजींना प्रोपोफॉल नावाचं भुलीचं औषध दिलं होतं. सोयाबीनच्या तेलात घोटलेलं, दिसायला दुधासारखं. हाताच्या शिरेतून ते अर्ध्या-पाऊण मिनिटात मेंदूवर काम सुरू करतं. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन मुळातच असतं, पेशींना शांत करणारं. ते पेशीवरच्या ठरावीक दाराला लागलं की दार उघडतं, क्लोराइड आत शिरतं आणि पेशी थोडा वेळ गप्प बसते. प्रोपोफॉल हेच दार जास्त वेळ उघडं धरून ठेवतं.

हे कळायला फार वर्षं गेली. बॉस्टनमध्ये १८४६ साली मॉर्टन या दंतवैद्यानं ईथर हुंगवून सर्वांदेखत शस्त्रक्रिया होऊ दिली. पुढे लक्षात आलं, की जे औषध ऑलिव्ह तेलात जास्त विरघळतं त्याची भूल जास्त जोरकस. त्यावरून ही औषधं पेशीच्या स्निग्ध आवरणात मुरून काम करतात, असं कितीतरी काळ मानलं गेलं. मग १९८४ मध्ये लंडनच्या फ्रँक्स आणि लीब या शास्त्रज्ञांनी काजव्याला उजेड देणारं प्रथिन घेतलं. त्यात चरबीचा अंशही नव्हता, तरी भुलीच्या औषधांनी त्याचं काम मंदावलं. औषध थेट प्रथिनाला चिकटत होतं. काजव्यानं दाखवलेली ही वाट मला आजही थक्क करते.

पण दार उघडलं म्हणून माणूस का हरपतो? इथे आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक जण वेगळं बोलत असतो, भाव करतो, ऐकून उत्तर देतो, आणि त्या गलक्यातच व्यवहार होतात. जागा मेंदू असा असतो. आता सगळा बाजार अचानक एकाच ठेक्यात टाळ्या पिटू लागला, तर आवाज भरपूर होईल, पण पावशेर मिरचीसुद्धा विकली जाणार नाही. प्रोपोफॉलच्या भुलीत मेंदूच्या पुढच्या भागात सेकंदाला ८ ते १२ वेळा अशी एकसुरी लहर उमटते आणि तिच्याखाली सेकंदाला एकाहूनही कमी अशी संथ लाट हेलकावत राहते. मेंदूचे भाग चालू असतात, पण एकमेकांना काही कळवू शकत नाहीत. वेदनेची खबर वर पोचली तरी ती घ्यायला कुणी उरत नाही.

केटामाइन या भुलीच्या दुसऱ्या औषधाची रीत निराळी. ते गाबाच्या वाटेला फारसं जात नाही. पेशींना चेतवणारं दुसरंच दार ते अडवतं, रोग्याचे डोळे कित्येकदा उघडे राहतात आणि लहरी उलट वेगवान होतात. तरीही माणूस हरपतो. म्हणून एकाच दारावर सगळं खापर फोडणं मला पटत नाही.

मेंदूच्या देठाशी श्वासाचं केंद्र आहे, प्रोपोफॉलनं तेही मंदावतं. ठसका लागून घसा मोकळा करण्याची सवयही जाते. पोटातलं अन्न वर आलं तर सरळ फुप्फुसात उतरू शकतं. ६ तास काही खाऊ नका, असं आम्ही बजावतो ते यासाठी. "फक्त चहा-बिस्किट घेतलं" हे कृपा करून लपवू नका. आम्ही ऑपरेशन पुढे ढकलू, रागावणार नाही.

औषध थांबवलं की ते मेंदूतून स्नायूंकडे, चरबीकडे ओसरतं. मग आधी देठ जागा होतो: स्वतःचा श्वास, गिळणं, ठसका. डोळे त्यानंतर. हाकेला ओ देणं सगळ्यांत शेवटी. त्या वेळी कागदावरच्या नावापेक्षा सवयीची हाक बरी, असं मला वाटतं. म्हणून भूल देण्याआधी मी विचारून ठेवते, घरी तुम्हाला काय म्हणतात? आजींना अक्का म्हणत. तिसऱ्या हाकेला त्यांनी ओ दिली.