पाळी जाण्याच्या वयात नुसतं चालणं पुरत नाही

पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला डॉक्टर, नणंद, शेजारीण, सगळ्यांकडून एकच सल्ला मिळतो: रोज सकाळी चालायला जा. चालावंच. पण या वयात शरीरात जे घसरायला लागतं, त्यातलं बरंचसं चालण्याने थांबत नाही. त्याला वजन उचलावं लागतं, आणि तेही जड वाटेल इतकं.

भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात, पण अनियमितपणा, रात्रीचा घाम, तुटक झोप त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. इस्ट्रोजेन (अंडाशयात तयार होणारं संप्रेरक) उतरलं की हाड झिजवणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. शेवटच्या पाळीच्या आसपासच्या काही वर्षांत मणक्याच्या हाडाची घनता दर वर्षी दोनेक टक्क्यांनी उतरू शकते. सोबत स्नायू कमी होतात आणि चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. म्हणून वजनकाटा तोच आकडा दाखवतो आणि ब्लाउज मात्र घट्ट होतो.

हाड आणि स्नायू सवयीच्या कामाला दाद देत नाहीत. "मी दिवसभर घरात राबते, तोच माझा व्यायाम" यातली अडचण हीच. वीस वर्षं तोच हंडा उचलला, तर शरीर त्या हंड्यापुरतंच मजबूत राहतं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात लिफ्टमोर नावाची एक चाचणी झाली. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली खरोखर जड वजनं उचलायला लावली. आठ महिन्यांनी त्यांच्या मणक्याची घनता सुमारे ३ टक्के वाढली होती. घरी हलके व्यायाम करणाऱ्या गटाची एका टक्क्याहून जास्त घटली होती. इतकं जड वजन प्रशिक्षकाशिवाय घरी उचलू नये, पण दिशा तीच ठेवायची.

सुरुवातीआधी रक्तदाब, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२ आणि डी व्हिटॅमिन तपासून घ्या. थायरॉइडची लक्षणं आणि पाळी जातानाची लक्षणं बरीचशी एकमेकांसारखी असतात. या वयात अंगावरून जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन ९ वर आलेलं असू शकतं, आणि अशा बाईला दोन जिने चढून दम लागला की ती त्याला वय म्हणते. आधी ते भरून काढावं, आणि रक्तस्राव का वाढलाय तेही पाहावं. साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल, स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच महिने चालू असतील, आईचं खुब्याचं हाड मोडलं असेल किंवा अंडाशय ४५ च्या आत काढले असतील, तर डेक्सा स्कॅनबद्दल (हाडांची घनता मोजणारी तपासणी) डॉक्टरांना विचारा. त्यातला टी-स्कोअर (तरुण निरोगी बाईच्या तुलनेत आपली घनता किती, तो आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. मग पाठीवर झोपून डोकं-खांदे वर उचलण्याचे पोटाचे व्यायाम (सिट-अप्स), पश्चिमोत्तानासन, हलासन टाळायचं, कारण पाठ गोल करून पुढे दुमडताना सगळा दाब मणक्यांच्या पुढच्या कडेवर येतो आणि ते चेपतात.

आता व्यायाम. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची फट. सोमवार-गुरुवार धरा. एका वेळेला ३५-४० मिनिटं पुरतात. सामान म्हणजे एक पक्की खुर्ची, बादली, मुलांचं जुनं दप्तर आणि पाण्याच्या बाटल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वेगळं वजन विकत घेण्याची सुरुवातीला गरज नाही.

पहिला, खुर्चीतून उठणं. हात छातीवर, पावलं खांद्याइतकी लांब, टाचा जमिनीवर. उठताना श्वास सोडा, बसताना तीन मोजत सावकाश बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया जातो. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर दोन चादरींच्या घड्या ठेवून उंची वाढवा, व्यायाम सोडू नका. दहा वेळा सहज जमलं की दप्तरात ३ किलो भरून छातीशी धरा. ६०-६४ वयाच्या बाईला हात न लावता ३० सेकंदांत किमान १२ वेळा उठता यायला हवं, असं मोजमाप अमेरिकेत वापरतात. तुम्ही पन्नाशीच्या असाल तर त्यापेक्षा जास्त जमायला हवं. आजचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दुसरा, बादली उचलणं, आणि हाच सगळ्यात जास्त चुकतो. बादली दोन पावलांच्या मध्ये, शक्यतो पाटावर ठेवून. गुडघे किंचित वाकवा आणि दोन्ही हातांत वस्तू असताना मागचं दार पार्श्वभागाने लोटावं तसे नितंब मागे न्या. पाठ सरळ, बादली पायांना जवळजवळ घासत वर. ताण मांड्यांच्या मागे जाणवला पाहिजे. कंबरेत जाणवला तर बादली शरीरापासून लांब गेलीय किंवा पाठ गोल झालीय. सुरुवात ५ लिटरने, मग दर दोन आठवड्यांनी एक-दोन लिटर वाढवायचे. १५ लिटरपर्यंत पोचलेल्या बाईला गॅसच्या सिलिंडरची भीती वाटेनाशी होते.

तिसरा, ओढणं. एक हात ओट्यावर टेकवून पुढे झुका, दुसऱ्या हातात भरलेली पिशवी, कोपर कमरेकडे ओढा. खांदा कानाकडे चढू देऊ नका. चौथा, ढकलणं, म्हणजे दोन्ही तळवे टेकवून छाती जवळ न्यायची आणि हातांनी शरीर परत मागे ढकलायचं. भिंतीपाशी सुरू करा, मग ओटा, मग पलंगाची कड. भिंतीवर १२ वेळा झालं की भिंत सोडायची. अनेक जणी वर्षभर भिंतीपाशीच थांबतात. पाचवा, दोन हातांत एकेक लिटरच्या बाटल्या घेऊन डोक्यावर नेणं. इथे एक इशारा. ब्लाउजचं मागचं हुक लागत नसेल, वेणी घालताना हात वर जात नसेल, तर खांदा जखडायला लागलाय. चाळिशी ते साठीत हे सर्रास होतं, मधुमेह आणि थायरॉइड असणाऱ्यांना जास्त. तेव्हा हा व्यायाम थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा. जोर लावून हात वर नेल्याने तो सुटत नाही. शेवटी दोन्ही हातांत ५-५ किलोच्या पिशव्या घेऊन ३० सेकंद ताठ चालणं, तीनदा.

पहिला महिना प्रत्येकी ८ ते १० वेळांच्या दोन फेऱ्या, नंतर तीन. फेऱ्यांमध्ये दीड-दोन मिनिटं बसा, ही विश्रांती आळस नव्हे. वजन किती, याची खूण एकच: फेरीतल्या शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. संपल्यावर "अजून पाच झाल्या असत्या" वाटलं तर वजन कमी आहे. एक किलोचं गुलाबी डंबेल पन्नास वेळा हलवून घाम येतो, पण हाडाला काही कळत नाही. उलट बाजूला, दम कोंडून वजन उचललं तर रक्तदाब एकदम चढतो, म्हणून जोराच्या क्षणी श्वास सोडायचा. दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकणं ठीक, दोन दिवसांत जातं. सांध्यात टोचल्यासारखं दुखणं किंवा सकाळी गुडघा सुजलेला असणं ठीक नाही. तेव्हा वजन निम्मं करा.

बाकीच्या दिवशी चाला, आठवड्याला एकूण १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. तोल रोज: दात घासताना एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या, बेसिनला हात टेकता येईल इतक्या जवळ.

शिंकताना, खोकताना, वजन उचलताना थेंबभर लघवी निसटते, हे कुणी सांगत नाही, आणि अनेक बायका व्यायाम सोडतात ते याच कारणाने, वर "वेळ मिळत नाही" म्हणून सांगतात. उपाय आहे. लघवी आणि वायू दोन्ही एकदम रोखतोय अशा रीतीने आतले स्नायू वर ओढा, ५ सेकंद धरा, ५ सेकंद पूर्ण सोडा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा, हळूहळू १० सेकंदांपर्यंत. पोट, मांड्या आवळल्या किंवा श्वास रोखला तर चुकतंय. लघवी करताना धार थांबवून सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. फरक पडायला तीन महिने लागतात. खोकल्याच्या किंवा बादली उचलण्याच्या क्षणाआधी ओढून धरायची सवय लावा, तिचा उपयोग लवकर दिसतो. जळजळ, कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे स्पष्ट बोला.

खाण्यात घोटाळा प्रथिनांचा. ६० किलोच्या बाईला दिवसाला किमान ५० ग्रॅम हवीत, वजन उचलणारीला ६०-७०. एक बशी पोह्यांतून जेमतेम पाच मिळतात, आणि पातळ आमटीतून त्याहून कमी, कारण वाटीत डाळ असतेच किती? ३० ग्रॅम कोरडी तूरडाळ म्हणजे साडेसहा ग्रॅम. म्हणून वरण घट्ट करा, नाश्त्याला मटकीची उसळ किंवा दोन अंडी (१२ ग्रॅम) ठेवा, चार वाजता बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८-१९, २५ ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये १३, बांगड्याच्या १०० ग्रॅममध्ये २० च्या आसपास. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढवा. उपवास करा, पण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. मंगळवार, चतुर्थी, एकादशी जमेला धरली तर आठवड्याचे दोन दिवस असेच जातात. राजगिरा, दाणे, दही, पनीर उपवासाला चालतं.

कॅल्शियमची भारतीय शिफारस पाळी गेलेल्या बाईसाठी दिवसाला १२०० मिलिग्रॅम आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, पेलाभर दुधात दोन-अडीचशे. तीळ उत्तम, पण चमचाभरच खाल्ले जातात. गोळी लागलीच तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंत, कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणासोबत. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब आणि लोहाच्या गोळीसोबत कधीच नाही. डी व्हिटॅमिनचे ६०,००० युनिटचे सॅशे ठरलेले आठवडेच घ्यायचे. मैत्रिणीच्या सांगण्यावरून वर्षभर चालू ठेवले तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं.

व्यायामाने अंगातून येणाऱ्या वाफा कमी होतीलच असं नाही. ताकद, झोप, मूड सुधारतो, वाफांचं सांगता येत नाही. त्या रात्री चार-चारदा उठवत असतील तर सहन करत बसण्यात काही शौर्य नाही. हार्मोन उपचारांबद्दलची (कमी झालेलं इस्ट्रोजेन औषधातून देण्याबद्दलची) भीती बरीचशी २००२ च्या अमेरिकी चाचणीतून आली, आणि त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केले तर फायद्या-धोक्याचा हिशेब वेगळा असतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, यकृताचा आजार झालेल्यांना सहसा ते देत नाहीत. आणि १२ महिने पाळी बंद राहून पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी त्याच आठवड्यात दाखवा, सोनोग्राफी लागते.

ज्यांची गर्भाशयाची पिशवी अंडाशयांसकट काढली, त्यांच्यात हाडं-स्नायूंची ही घसरण शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू होते. अंडाशय ठेवले असले तरी त्यांचं काम काही वर्षं आधी थांबू शकतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, सरकारने समितीही नेमली. त्या बायका मोळ्या उचलतातच. त्यांना आणखी वजन सांगणं ही थट्टा होईल. त्यांना हवी आहेत प्रथिनं, विश्रांती, हाडांची तपासणी, आणि अंडाशय काढले असतील तर हार्मोनबद्दल विचारणारा डॉक्टर.

गणपती, दिवाळी, घरातलं लग्न यात दोन-तीन आठवडे बुडणारच. परत येताना बादलीत आधीपेक्षा एक तृतीयांश पाणी कमी घ्या, दोन फेऱ्याच करा. आठ-दहा दिवसांत जुन्या वजनावर याल. बुडालेलं भरून काढायला पहिल्याच दिवशी पूर्ण बादली उचलली, तर कंबर धरते आणि पुढचे तीन आठवडेही जातात.