व्हिडिओ उडवला, मग पुरावा कुठे गेला?

सोशल मीडियावर हल्ल्याचा, युद्धाचा व्हिडिओ फिरला की लोक म्हणतात, "असले व्हिडिओ सरसकट उडवून टाका ना". हे बोलायला सोपंय, पण नेमकं काय उडवायचं हे ठरवताना सगळा घोळ होतो.

२०१९चा न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या मशिदींवरचा हल्ला घ्या. हल्लेखोराने गोळीबार फेसबुकवर १७ मिनिटं लाइव्ह केलं, लाइव्ह बघणारे २०० पण नव्हते, आणि फेसबुककडे पहिली तक्रार आली ती व्हिडिओ सुरू झाल्यावर २९ मिनिटांनी, म्हणजे सगळं उरकल्यावर! पुढच्या २४ तासांत फेसबुकने १५ लाख कॉप्या काढल्या, त्यातल्या १२ लाखांवर अपलोड होतानाच अडवल्या. बाकीच्या निसटल्या कशा? तर ही सिस्टीम व्हिडिओचा डिजिटल ठसा घेऊन ठेवते आणि तसाच दुसरा आला की अडवते, पण लोकांनी कापाकापी केली, कोणी स्क्रीनवर चालू असलेलाच परत शूट केला, की ठसा बदलला.

हा व्हिडिओ उडवायलाच हवा होता, त्यात वादच नाही. पण २०१७ मध्ये यूट्यूबच्या मशीनने सीरियातल्या युद्धाचे, तिथल्याच लोकांनी जीव धोक्यात घालून टाकलेले हजारो व्हिडिओ साफ केले, काही चॅनलच गेले (नंतर आरडाओरडा झाल्यावर थोडे परत आले). आणि गंमत बघा, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियाचा लष्करी कमांडर महमूद अल-वरफल्ली याच्यावर हत्यांच्या आरोपाखाली अटक वॉरंट काढलं, ते सोशल मीडियावर फिरलेल्या व्हिडिओंच्या आधारावर.

यूट्यूबचा नियम तसा समंजस आहे, माहितीपर किंवा डॉक्युमेंटरी असेल तर सूट, फारतर वयाची अट. फक्त ते माहितीपर आहे हे व्हिडिओतून किंवा टायटल, डिस्क्रिप्शनमधून कळायला हवं. अरे, बॉम्ब पडतोय, माणूस पळता पळता शूट करतोय, तो डिस्क्रिप्शन काय लिहिणार? न्यूज चॅनलने तेच फुटेज वर पट्टी लावून टाकलं की चालतं, त्याचं मात्र उडतं.

मशीनला कळत नाही म्हणून माणसं बसवली, तर ती दिवसभर हेच बघून आजारी पडली, २०२० मध्ये फेसबुकने अशा मॉडरेटर्ससाठी ५.२ कोटी डॉलरची तडजोड केली.

माझं म्हणणं एवढंच, लोकांसमोरून काढा, बिनधास्त काढा, पण मूळ फाइल तारीख-वेळेसकट बाजूला जपून ठेवा. आणि ती कोणाला दाखवायची हे कंपनीने एकटीने ठरवू नये, कारण उद्या तेच फुटेज मागणारं सरकार स्वतःच बॉम्ब टाकणारं असू शकतं.