फाइल नुसती उघडली आणि डिस्क भरत गेली

मृगाचा पाऊस पडून गेला होता, वाफसा आला होता. अशा दिवसांत लातूरकडच्या त्या कृषी सेवा केंद्रावर सकाळपासून माणसं असतात. गट नंबर सांगितला की तिथला सर्व्हर त्या रानाच्या मातीची माहिती आणि खताचं प्रमाण दाखवतो. तो सर्व्हर आम्ही छत्रपती संभाजीनगरातून सांभाळतो.

"सर, मशीन चालू हाय, पण एकबी गट उघडंना," तिथला ऑपरेटर फोनवर म्हणाला. "लोकं पेरणी थांबवून बसल्यात."

लॉगिन करून पाहिलं. सीपीयू जवळजवळ रिकामा, डिस्क मात्र पूर्ण गुंतलेली आणि मोकळी जागा डोळ्यांदेखत आटत चाललेली. हा प्रोग्राम फक्त माहिती वाचतो, मग डिस्कवर लिहितंय कोण? तीच डॉकर इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं, आमच्या ऑफिसातल्या मशीनवर लगेच उभी राहत होती. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तोही दोन्हीकडे एकच.

प्रोग्राम कर्नलकडे काय मागतोय ते दाखवणारं एसट्रेस लावल्यावर दिसलं, की प्रोग्राम फाइल उघडण्याच्या कॉलमध्येच अडकलाय. मातीची माहिती म्हणजे एसक्यूलाइट या डेटाबेसची 6 जीबीची एकच फाइल, तीही इमेजच्या आत. आणि वेगळं सांगितलं नाही, तर एसक्यूलाइट फाइल उघडताना लिहिण्याचीही परवानगी मागतं.

गोम तिथेच होती. डॉकरची इमेज थरांची असते: खालचे थर फक्त वाचायचे, वर प्रत्येक कंटेनरचा, म्हणजे इमेजवरून चालू केलेल्या प्रोग्रामचा, स्वतःचा लिहायचा थर. हे थर एकत्र दाखवणारं ओव्हरलेएफएस 2014 साली लिनक्स 3.18 मध्ये आलं. खालच्या थरातली फाइल लिहिण्यासाठी उघडली, की कर्नल ती अख्खी वरच्या थरात नेतो. याला कॉपी-अप म्हणतात. एक बाइट लिहिली जाण्याचीही तो वाट पाहत नाही. फाइलच्या नुसत्या परवानग्या बदलल्या तरी सगळा डेटा वर जायचा, लिनक्स 4.19 पासून मेटाकॉपी ही सोय चालू असेल तर तेवढी नोंदच वर जाते. कॉपी आधी बाजूच्या कामाच्या जागेत पूर्ण होते आणि मगच फाइल ठिकाणावर येते. त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी अर्धवट फाइल दिसत नाही. हे काम फार विचारानं केलेलं आहे.

तिथे आठ कंटेनर होते आणि सकाळची स्क्रिप्ट सगळे काढून नव्याने उभे करायची. म्हणजे 48 जीबीची कॉपी, एकाच फिरत्या डिस्कवरून वाचून तिच्यावरच लिहायची. मोकळी जागा त्याहून कमी. मी कंटेनर थांबवले.

मग आमच्याकडे हे क्षणात कसं होत होतं? लिनक्स 4.10 पासून कॉपी-अप करताना कर्नल आधी क्लोन, म्हणजे डेटा न हलवता केलेली प्रत, मागून पाहतो. दोन्ही थर एकाच फाइल सिस्टमवर (डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था) असतील आणि तिला असा क्लोन करणं, म्हणजे रिफ्लिंक, येत असेल, तर डेटा हलतच नाही. सातबाऱ्यावर आणखी एक नाव चढावं तशी त्याच ब्लॉकांवर दुसऱ्या फाइलची नोंद होते. पुढे जेवढं बदलेल तेवढंच वेगळं लिहिलं जातं. बीटीआरएफएस आणि एक्सएफएस या फाइल सिस्टमना हे जमतं, ईएक्सटी4 ला नाही. क्लोन मिळाला नाही, तर कर्नल तुकड्यातुकड्यानं खरी कॉपी करतो.

एक्सएफएस तर दोन्हीकडे होतं. फॉरमॅटचा तपशील दाखवणारं एक्सएफएस_इन्फो चालवलं: आमच्याकडे रिफ्लिंक 1, लातूरला 0. एक्सएफएस फॉरमॅट करताना रिफ्लिंक आपोआप चालू होणं 2019 मध्ये सुरू झालं आणि ती डिस्क त्याआधीची. कंटेनर चालवणाऱ्यानं खाली कोणती डिस्क आहे, ती कशी फॉरमॅट केलीय, हे पाहिलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. ‘कंटेनर कुठेही सारखाच चालतो’ या भरवशावर ही तपासणी सर्रास राहून जाते, आणि त्रास दारात थांबलेल्या माणसाला होतो.

त्या वेळी डिस्क बदलणं शक्य नव्हतं. ती फाइल इमेजमधून एकदाच बाहेर काढली, आठही कंटेनरना फक्त वाचण्यासाठी बाहेरून जोडून (माउंट करून) दिली आणि ही फाइल बदलणार नाही असं एसक्यूलाइटला उघडतानाच सांगितलं. जुने कंटेनर काढून टाकल्यावर जागाही परत मिळाली. गट उघडू लागले.

पेरणीची गर्दी ओसरल्यावर नवी डिस्क रिफ्लिंकसह फॉरमॅट करून घेतली आणि मुद्दाम जुन्याच पद्धतीनं आठही कंटेनर उठवले. लगेच उभे राहिले, मोकळी जागा जवळपास तेवढीच. फाइल डिस्कवर कुठे आहे ते दाखवणाऱ्या फाइलफ्रॅगमध्ये त्या फाइलच्या तुकड्यांपुढे ‘शेअर्ड’ दिसलं. तरीही फाइल बाहेरूनच द्यायची पद्धत आम्ही कायम ठेवलीय, कारण इतर तालुक्यांतली काही मशीनं अजून ईएक्सटी4 वर आहेत.